सर गप्प बसले की पोरं काय समजतात

वर्गात कुणीतरी कुणाला तरी "ए बायल्या" म्हणतं, चारपाच जण फिदीफिदी हसतात आणि सर फळ्यावर लिहीतच राहतात. पाच सेकंदांत विषय संपला. पण त्याच वर्गात एखादा गे मुलगा बसलेला असतो, एखादं ट्रान्स मूल असतं, ते सगळं ऐकत असतं आणि या सरांना आपलं काही सांगायचं नाही हे तिथल्या तिथे ठरवून टाकतं.

म्हणून मला वाटतं पोस्टर, कार्यक्रम सगळं नंतर, आधी शिक्षकाने तोंड उघडावं. भाषण नको, खडू खाली ठेवायचा, "हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही" एवढं म्हणायचं आणि पुढे शिकवायला लागायचं, पण दर वेळी हं, एकदा बोलून पुढच्या वेळी कानाडोळा केला तर पोरांना बरोबर कळतं. आणि बोलताना ज्याला चिडवलंय त्याच्याकडे बघू नका प्लीज, नाहीतर अख्खा वर्ग मान वळवून त्याच्याकडेच बघतो.

ब्रिटनमध्ये १९८८ साली सेक्शन २८ नावाचं कलम आलं, स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही म्हणून. शिक्षक इतके धास्तावले की डोळ्यांदेखत मुलाला छळलं जात असतानाही बोलायला कचरायचे. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली गेलं, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली, म्हणजे तोपर्यंत कितीतरी मुलांची अख्खी शाळा त्या भीतीतच संपली. मला याचा खरंच राग येतो.

शिकवतानाही सहज बोलता येतं. कॉम्प्युटरच्या तासाला ॲलन ट्युरिंग, कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणारा ब्रिटिश गणितज्ञ, आला की तो गे होता आणि त्यासाठी १९५२ मध्ये त्याला कोर्टाने दोषी ठरवलं हेही सांगा. कुणी "हा आजार आहे" म्हणालं तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली हे शांतपणे सांगा.

आणि समजा तास संपल्यावर एखादं मूल दप्तर आवरायचं नाटक करत मागे थांबलं आणि आपण गे किंवा ट्रान्स आहोत हे त्याने सांगितलंच, तर आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. मग विचारा, अजून कुणाला माहितीये, घरी माहितीये का, तुला कुठल्या नावाने हाक मारू आणि कुणाकुणासमोर. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण वर्गात हवं असलेलं नाव पालकसभेत तोंडातून निसटलं तर घरी काय होईल सांगता येत नाही, काही मुलांना खरोखर घराबाहेर काढतात. त्याला न विचारता घरी फोन नाही, स्टाफरूममध्ये चर्चा नाही. जिवाला धोका वाटला तर समुपदेशकाची मदत घ्यावीच लागते, पण तेही आधी त्या मुलाला सांगून.

बाकी छोट्या गोष्टी आहेत, आजपासून होतील अशा. फॉर्मवर आई-वडील ऐवजी पालक लिहा. गट हजेरी नंबरावरून पाडा, दर वेळी मुलं विरुद्ध मुली कशाला, एखाद्याला तिथे कुठल्या बाजूला उभं राहायचं तेच कळत नसतं.