टांगलेले माइक

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा स्टेशनाजवळ दुपारचा चहा घेताना समोरच्या शटरवरचं पोस्टर वाचत बसावं. नटांचे फोटो, नाटकाचं नाव, त्याखाली ‘अर्थात’ आणि आणखी एक नाव. लेखक सापडतो तो पार खालच्या ओळीत. टीव्हीवर तरी काय, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वाचेपर्यंत पाटी पळालेली.

झाडीपट्टीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या रात्रभराच्या नाटकांसाठी, लिहिणारा आधी माइक हिशेबात धरतो. ते वरून टांगलेले असतात, तीन-चार. दारातून ओरडत आत येणारा बाप कागदावर झकास. मंडपात त्याचा नुसता जबडा हलतो. म्हणून आधी एंट्री, मग चार पावलं, तेवढ्यात ऑर्गन, मग वाक्य.

वाक्यही नटाला ते हळूच सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या एका श्वासात मावणारं हवं. मराठीचं क्रियापद मेलं शेवटी येतं. ‘ही जमीन मी पंचांच्या देखत तुझ्या नावावर...’ इथे प्रॉम्प्टर खोकला, की करतो की करत नाही ते नटाला कळायला मार्ग नाही. रागवावं की गळ्यात पडावं? मुरलेला लेखक लिहितो, ‘नाही देणार! जमीन नाही देणार!’ दोनदा, कारण पहिल्यांदा कोणीतरी पोराला सतरंजीवर सरकवत असतं.

नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं ते पहाटेपर्यंत. दोनच्या सुमारास माना पडू लागतात. तिथे आईचं मरण ठेवलं तर फुकट जातं. तिथे विनोदी पात्र पाठवायचं, ‘कायले’ अन् ‘मले’ करत. मरण त्यानंतर.

मालिकेत अर्ध्या तासातली बावीसेक मिनिटं हातात, आणि ब्रेकआधी कोणीतरी दारात दचकायला हवं. तिथे कॅमेरा डोळ्यातलं पाणी दाखवतो. इथे मागच्या रांगेला ते दिसत नाही, म्हणून दुसऱ्या पात्राने विचारायचं, ‘ताई, रडतेस?’ टीव्हीवर हे वाक्य जास्तीचं म्हणून कापावं, तर बघणारी बाई पाठमोरी पोळ्या लाटत असते. ठेवतातच.

मालिकेला बारा महिने भागांची भूक. इथे रोवणी आटोपली की वही उघडायची, दिवाळीला धान निघालं की ती कंपनीच्या हाती. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीला फार आनंद झाला. मान नटाचा, तो असावाच.

वही मात्र प्रॉम्प्टरकडे. ‘उशीर झाला तर हे गाळणे’ अशा पेन्सिलीच्या चौकटी, चहाचे गोल डाग, एखाद्या नटाने स्वतःच घुसडलेली टाळीची वाक्यं. होळीपर्यंत शिवण सुटते. पहिलं निघतं ते वरचं पान, नाव असलेलं.