मोठ्या बाबांच्या नसेतला चुना

आज नागपुरात मोठ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली नस आतून फुगा फुगवून उघडली. नसेत कॅल्शियमचा टणक थर, साधा फुगा तिथं फुगेचना. तसाच स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला असता तर नीट उघडला नसता, पुढे गुठळीची भीती. मग मजबूत फुगा 20 ॲटमॉस्फिअर दाबाने फुगवला. मोटरसायकलच्या टायरात जेमतेम दोन असतात! तरी थर हटेना. शेवटी मुतखडा फोडतात तशा लहरी सोडणारा फुगा घातला (बिल विचारू नका). थराला तडे गेले, स्टेंट बसला.

मोठे बाबा खर्रा (सुपारी, तंबाखू अन् चुना) खातात. म्हणतात, "म्या त खर्र्यात चुना कमीच घालतो ना बे!"

चुन्याचा नाही, वयाचा अन् शुगरचा संबंध आहे, हे पटलं. तंबाखूचं काढलं तर कूस बदलून झोपले.