दुधाला शीग लागत नाही

सहावीला पदार्थाच्या अवस्था शिकवायच्या म्हटलं की पूर्वी मी फळ्यावर तीन रकाने आखायचे. स्थायू, द्रव, वायू. खाली व्याख्या. "द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो भांड्याचा आकार घेतो." मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच लिहायची, पैकीच्या पैकी गुण. माझंही बरं चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्याला खीळ बसली. आमची शाळा जिल्हा परिषदेची, माण तालुक्यातली. त्या दिवशी मी तांब्यातलं पाणी पेल्यात, पेल्यातलं ताटात असं ओतून दाखवत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग जोंधळं बी द्रवच की. पोत्यात पोत्यावानी, डब्यात डब्यावानी."

वर्ग हसला. मी दटावणारच होते, पण तेवढ्यात लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. व्याख्या मीच फळ्यावर लिहिली होती आणि पोरगं तीच मला वाचून दाखवत होतं. "उद्या बघू," म्हणाले आणि घंटेची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मुलांना घरून सामान आणायला सांगितलं. ज्वारी, रवा, दूध, गोडंतेल. एकाने आजीचं जुनं पितळी मापटं आणलं. आता घरोघरी किलोचा काटा आहे, पण चार शेरांची पायली अजून इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असते. काम एवढंच दिलं: प्रत्येक वस्तू मापट्यात भरा आणि ज्वारी पाण्याहून वेगळी कशी ते मला सांगा. पुस्तक बंद.

बराच वेळ नुसती सांडलवंड. "ज्वारी टोचते", "पाण्यानं हात ओला होतो", असली उत्तरं. (तेलानंही हात ओला होतो का, यावर एक छोटं भांडण.) मग जिच्या घरी चार म्हशी आहेत ती मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, दुधाला शीग लागत नाही."

मापटं काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. धान्य देणारा सढळ हाताचा असेल तर शिगेचं मापटं घालतो, चिक्कू असेल तर काठावरून हात फिरवून सपाट करतो. उत्सुकता शिगेला पोहोचली, असं मी आयुष्यभर लिहीत आले. ती शीग मापट्यावरची, हे मला त्या दिवशी जाणवलं.

मग काय, सगळे शीग लावायला बसले. ज्वारीला लागली, रव्याला लागली, तेल काठावरून ओघळलं. भिंगातून रवा बघितला. कण पोत्यात असो की डब्यात, आपला आकार सोडत नाही. बदलतो तो फक्त ढिगाचा. कण एकमेकांना घासतात, अडवतात, म्हणून ढीग उभा राहतो. दुधात तसं अडवून धरणारं काही नाही. एका चिकट पोराने ड्रॉपरने पेल्यात थेंब थेंब पाणी सोडून ते काठाच्या केसभर वर फुगवून दाखवलं आणि म्हणाला, "थोडी लागती की!" तो पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. तास त्यातच संपला.

बर्फाचा दिवसही असाच लांबला. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा आणला, फोडून घमेल्यात टाकला, त्यात तापमापी. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि मुलं ढवळतायत. पारा शून्यावर आला तो तिथेच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. "बाई, तापमापी बिघडली." मी गप्प राहिले. शेवटचे खडे विरघळल्यावर पारा हलला, तेव्हा तीच मुलं ओरडली. एवढं ऊन गेलं कुठं? बर्फ मोडण्यात गेलं, हे त्यांनीच माझ्याकडून वदवून घेतलं. लादीचा थोडा बर्फ बाजूला ठेवला होता, त्यात खडेमीठ कालवलं तर पारा उणे 8 पर्यंत गेला. त्यात साखर घातलेल्या आटीव दुधाचा स्टीलचा पेला ठेवून फिरवत राहिलो, कडेला कुल्फी धरली. वाटणी करताना मात्र विज्ञान संपलं.

कापराची गोष्ट सांगायला नको वाटते, पण सांगते. कापूर न वितळता थेट वायू होतो, हे संप्लवन दाखवायचं होतं. पहिल्या वर्षी शहाणपणा करून वाटी थेट स्पिरिटच्या दिव्यावर ठेवली. कापराने भडका घेतला, माझा पदर थोडक्यात वाचला, आणि मुलांनी टाळ्या वाजवत आरती सुरू केली. आता वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात तरंगत ठेवते, वर काचेचं नरसाळं पालथं, त्याच्या तोंडात कापसाचा बोळा. नरसाळ्याच्या आतून पांढरी भुकटी धरते. डांबरगोळ्या वर्गात आणत नाही, त्या विषारी. घरच्या कापराच्या डबीत आजी मिरे का टाकते, असं एकीने विचारलं. कापूर उडू नये म्हणून, असं आजी सांगते. आम्ही सारख्या वजनाच्या वड्या दोन डब्यांत ठेवल्यात, एकीत मिरे घालून, एकीत न घालता. महिन्याने वजन करायचं आहे.

रकाने मी अजूनही आखते, पण आता धड्याच्या शेवटी, आणि मुलं सांगतील तसे भरते. यंदा गाडी रुळावर आहे असं वाटत असतानाच म्हशीवाल्या घरातला धाकटा भाऊ डबा घेऊन आला. बहिणीने पढवून पाठवला असणार. डब्यात चक्का. त्याने तो चमच्याने मापट्यात भरला, वर झकास टोक काढलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, ह्याला शीग लागती. कण बी दिसत न्हाईत. आता ह्यो कुठल्या रकान्यात?"

मी फळ्यावर चौथा रकाना आखला. नाव अजून दिलेलं नाही. त्यात सध्या चक्का, टूथपेस्ट आणि कुणीतरी मधल्या सुट्टीत लिहिलेलं "हेडसरांचा चहा" एवढंच आहे.