अखेर लोगोतला श मराठी झाला

मंडळी, काल रात्री साडेअकराला श बसला! मागच्या वेळी लिहिलं होतं की ऑनलाइन चालणारं फिग्मा सोडून नेटशिवाय चालणारं इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर ठरलं, आता संत्रा शेतकऱ्यांच्या गटाच्या साइटचा तेवढा लोगो उरकायचा. त्या लोगोने बारा दिवस खाल्ले.

इंकस्केपचा निर्णय मात्र कायम आहे. आमच्या वरूडकडच्या गावात ऐन संध्याकाळी नेट जातं, त्यामुळे ऑनलाइन चालणारं काहीही मुख्य साधन म्हणून मला परवडत नाही.

पहिली अडचण ओळखीची निघाली. लोगोखाली 'शेतमाल थेट शेतातून' अशी ओळ आहे. माझ्या लॅपटॉपवर एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची फाइल, चोख, गटाच्या काकांच्या मोबाइलवर अक्षरं भलतीच. वेबपानावर चित्र म्हणून (इमेज टॅगमधून) लावलेली एसव्हीजी बाहेरचा फॉन्ट उचलत नाही, मोबाइल आपल्याकडचा लावतो. कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून मजकुराचे पाथ, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा, केले आणि प्रश्न मिटला. मूळ मजकुराची फाइल वेगळी जपा, पाथ झाल्यावर वेलांटीही सुधारता येत नाही.

मग काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हा श आपला नाही वाटत रे बाप्पा. पोट्ट्यायच्या पुस्तकात असा नसते."

काकांचं खरं होतं. मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे 2009 च्या शासन निर्णयातच आहे. नोटो सान्स देवनागरीत ही रूपं आहेत, पण मजकूर मराठी आहे हे फॉन्टला सांगावं लागतं, नाहीतर हिंदी वळण पुढे येतं. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये 'एमआर' (मराठी) लिहिलं की काम होतं. इंकस्केपच्या टेक्स्ट पॅनेलमध्ये मला भाषेचा रकाना सापडला नाही.

गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडला! टेक्स्ट टूलच्या पर्यायांत अगदी खाली 'लँग्वेज' आहे. तिथे मराठी निवडलं आणि 'माल'मधल्या ल च्या दोन्ही पाकळ्या डोळ्यांदेखत उमलल्या. मी खुर्चीतून उठून आईला दाखवायला गेलो. पण ते पिक्सेलचं चित्र, मोठं केलं की फाटणारं. बॅनरला चालेल, लोगोला नाही, कारण हीच फाइल पुढे दहा फुटी फ्लेक्सवरही जायची आहे. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपने त्या चित्राच्या रेषा करून पाहिल्या तर शिरोरेषेचे कोपरे वितळल्यासारखे गोल झाले. तीन संध्याकाळी रेषेवरचा एकेक बिंदू (नोड) ओढत बसलो. तरी एक श दुसऱ्यासारखा येईना.

काल वीज आल्यावर सुचलं: ब्राउझरला मराठी श काढता येतो ना, मग त्याच्याकडूनच काढून घेऊ. चार ओळींचं एचटीएमएल लिहिलं, लँग 'एमआर', अक्षरं खूप मोठी, प्रिंट करताना सेव्ह ॲज पीडीएफ. ती पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडताना अक्षरांचे पाथ करून घेतले. आठशे टक्के झूम केलं तरी देठ धारदार, आणि दोन्ही श एकसारखे. काकांना पाठवलं, त्यांचं उत्तर आलं, "आता जमलं."

तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याने दिलेली जुनी फाइल मात्र काढून टाकली. तिच्यातला फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं वाचलं जाणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित पद्धतीचा, नव्हता, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा काला व्हायचा. माझं मत पक्कं झालंय, वेबच्या कामाला युनिकोडशिवाय फॉन्ट घेऊच नका. मुक्ता, नोटो, बालू फुकट आणि मोकळ्या परवान्याचे आहेत.

हे लिहिता लिहिताच वाटतंय, आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांच्या पानांची शीर्षकं चित्रात करायचीच कशाला? वेबफॉन्ट (साइटसोबतच येणारा फॉन्ट) लावून साधा मजकूर ठेवला तर सर्चला सापडेल, भाव बदलला तर काकांच्या मुलीलाही दुरुस्त करता येईल. म्हणजे इंकस्केप फक्त लोगो आणि संत्र्याच्या आयकॉनपुरतं, फोटो गिम्पमधून वेबपी या हलक्या फाइलीत. चार शीर्षकं केली होती, ती आज काढतो.

आणि एक. लिनक्सवर इंकस्केपच मराठी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) सुरू केलं तर श थेट येईल का? रात्री बघतो. कुणी करून पाहिलं असेल तर आधीच सांगा.