डब्ल्यूसीएएम-३ च्या मागे एक दिवस

पहाटे सव्वापाचला सीएसएमटीच्या फलाटावर इंद्रायणी लागलेली होती आणि मी सगळे डबे मागे टाकत पुढे चाललो होतो. तिथून सुटणाऱ्या गाडीचं इंजिन फलाटाच्या पार बाहेरच्या टोकाला असतं, त्यामुळे कोणतं इंजिन मिळालंय हे तिथवर चालत गेल्याशिवाय कळत नाही. शेवटचे दोन डबे राहिले तेव्हा ब्लोअरची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांची, घरघर ऐकू आली आणि ती ओळखीची निघाली. काचेखाली पाच आकडी नंबर होता, २१९ ने सुरू होणारा. म्हणजे डब्ल्यूसीएएम-३. मी वहीत नंबर लिहिला आणि इंजिनाला लागून असलेल्या जनरलच्या डब्यात शिरलो.

हे २०१८ च्या डिसेंबरमधलं. कल्याण शेडची ही इंजिनं एकेक करून कमी होणार हे दिसायला लागलं होतं. मुंबई-पुणे गाड्यांवर मधूनमधून डब्ल्यूएपी-७ हे नवं इंजिन दिसायचं. एका दिवसात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा डब्ल्यूसीएएम-३ च्या मागे बसून घाट करायचा, असं मी ठरवलं होतं. इंद्रायणीने लोणावळा, मागून येणाऱ्या डेक्कन एक्सप्रेसने पुणे आणि परतीलाही सव्वातीनची डेक्कनच, असा बेत होता. परतीचं आरक्षण करून ठेवलं होतं. जाताना मात्र मुद्दाम जनरलचं तिकीट काढलं, कारण इंजिनाचा आवाज त्याच डब्यात नीट येतो.

या इंजिनाबद्दल मला इतकं का वाटतं, तर ते दोन विजांवर चालायचं म्हणून. मुंबईत विजेची गाडी आली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी पसरली, पण मुंबईच्या आसपास डीसीच राहिली. दोन्हीवर चालणारं इंजिन हवं होतं. नावातच सगळं आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी आणि एम म्हणजे प्रवासी व माल दोन्हीसाठी. भेलने १९९७-९८ च्या सुमारास अशी ५३ इंजिनं बांधली. सहा आस, एसीवर ५,००० अश्वशक्ती, डीसीवर ४,६००. टपावर तारेतून वीज घेणारे दोन पेंटोग्राफ, एक डीसीचा, एक एसीचा. जिथे वीज बदलायची तिथे ड्रायव्हर पेंटोग्राफ खाली घ्यायचा, गाडी नुसत्या वेगावर पुढे जायची, ब्लोअर गप्प व्हायचे आणि काही क्षणांनी दुसरा पेंटोग्राफ वर जाऊन सगळं पुन्हा घुमायला लागायचं. ती मधली शांतता मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून कितीदा ऐकली आहे. मुंबईतली डीसी टप्प्याटप्प्याने गेली, शेवटी २०१६ मध्ये हार्बरवरूनही. त्या सकाळी फलाटाच्या टोकावरून पाहिलं तर एक पेंटोग्राफ तारेला टेकलेला होता आणि दुसरा नुसता घडी होऊन पडलेला. त्याच्या सांध्यांवर काळी धूळ बसली होती.

डबा पासवाल्यांनी भरलेला. कल्याणला एका काकांनी विचारलं, "दादा, सारखे दाराशी काय उभे राहताय, बसा की." मी कारण सांगितलं. ते हसले नाहीत. "आमच्या वेळी कर्जतला मागे लावायची ती वेगळी होती, ठोकळ्यासारखी," म्हणाले. ती डब्ल्यूसीजी-२, चित्तरंजनला १९७० च्या दशकात बांधलेली, घाटात ढकलायला वापरायचे. त्याच्याही आधी लांब नाकाडांचं डब्ल्यूसीजी-१ होतं, ज्याला इकडचे रेल्वेवाले खेकडा म्हणत. काकांनी खेकडाही पाहिला होता. कर्जत येईपर्यंत आम्ही तेवढंच बोलत होतो, आणि कर्जतला त्यांनी स्वतः उठून मला खिडकी दिली.

कर्जतला मागे दोन बँकर, म्हणजे घाटात ढकलणारी इंजिनं, लागले. जोडताना बसलेला हलका धक्का अख्ख्या गाडीतून पुढे येत येत आमच्या डब्यात पोचला. मागून शिटी आली, पुढच्या इंजिनाने उत्तर दिलं आणि गाडी हलली. पुण्याकडे चढणारी ही गाडी रेल्वेच्या भाषेत 'डाऊन' असते, नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

पळसदरी मागे पडली आणि ज्यासाठी आलो होतो ते सुरू झालं. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हापासून इथे इंजिनाची ताकद लागते ती अशी. जुन्या पद्धतीच्या इंजिनात ट्रान्सफॉर्मरच्या टप्प्यांवरून विजेचा दाब वाढवतात, एकेक नॉच, म्हणजे टप्पा, घेत. प्रत्येक नॉचला टॅप चेंजर सरकतो आणि त्याचा खट् असा आवाज येतो, त्यापाठोपाठ मोटरींचा सूर किंचित चढतो. मी डोळे मिटून मोजत होतो. खट्, आणि सूर वर. खट्, आणखी वर. मग बोगदा आला आणि तोच आवाज चारही बाजूंनी अंगावर कोसळला.

ठाकुरवाडीच्या अलीकडे रुळांवर दव होतं. अचानक मोटरींचा आवाज किंचाळल्यासारखा वर गेला. चाकं घसरली होती. ड्रायव्हरने लगेच दोन-तीन नॉच कमी केले, वाळू सोडली असणार, कारण चाकांखाली करकर झाली आणि पकड आली. मागचे बँकर तोवर रेटत होते, त्यामुळे वेग जवळजवळ तुटला नाही. पुन्हा खट्, खट्, खट्. बाहेर दरीत धुकं होतं आणि वळणावर आमचेच मागचे डबे एका बोगद्यातून बाहेर येताना दिसत होते. त्या अर्ध्या मिनिटात त्या ड्रायव्हरने जे हाताने आणि कानाने केलं, ते पाहायला मी कितीही पहाटे उठेन.

लोणावळ्याला उतरलो. बँकर सुटून बाजूला गेले. पुढे दीड-दोन तास फलाटाच्या टोकाला उभा होतो, चहा घेतला, दोन मालगाड्या पाहिल्या.

मग डेक्कन एक्सप्रेस आली, डब्ल्यूएपी-७ घेऊन.

मन खट्टू झालं हे खरंच. पण पुण्यापर्यंत बसलो आणि लक्ष देऊन ऐकलं. चित्तरंजनचं हे थ्री-फेज इंजिन फार चांगलं आहे. उतारावर ब्रेक लावताना ते वीज तयार करून तारेत परत पाठवतं, ताकदही जास्त आणि देखभालही कमी. रेल्वेने ते घेतलं नसतं तरच नवल. पण त्यात टॅप चेंजर नाही, खटका नाही. सूर एका दमात वर सरकत जातो. ड्रायव्हरने केव्हा किती घेतलं हे डब्यात बसलेल्या माणसाला कानाने कळत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

पुण्यात दुपारी सव्वातीनच्या गाडीपाशी गेलो तर पुढे तेच सकाळचं डब्ल्यूएपी-७. आरक्षित जागा होती, रात्री लवकर घरी पोचलो असतो. पाच मिनिटं विचार केला आणि गाडी जाऊ दिली. तिकिटाचे पैसे बुडाले. साडेसहाच्या सुमारास सुटणाऱ्या परतीच्या इंद्रायणीचं जनरलचं तिकीट काढून तीन तास फलाटावर काढले. इंजिन लागायला आलं तेव्हा आधी नुसते दिवे दिसले, मग चौकोनी तोंड. नंबर पुन्हा २१९ चा, पण सकाळचा नव्हे. दुसरं इंजिन. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

जागा मिळाली नाही, लोणावळ्यापर्यंत दाटीत उभा होतो. उतरताना घाटात आवाजापेक्षा ब्रेकचंच राज्य असतं. मंकी हिलला गाडी पूर्ण थांबते, कुणी उतरत-चढत नाही. उताराच्या रस्त्यावर कॅच सायडिंग काढलेली असते. ब्रेक निकामी झालेली गाडी तिकडे वळून चढावर थांबावी अशी रचना. तुमची गाडी काबूत आहे हे इथे थांबून दाखवलं की मगच खालचा रस्ता मिळतो. त्या थांब्यात खिडकीतून तापलेल्या ब्रेक ब्लॉकचा उग्र वास आत आला. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "काहीतरी जळतंय." मी तिला सांगितलं की चाकांना दाबून धरलंय म्हणून तो वास येतो. ती मग ठाकुरवाडीलाही नाक वर करून वास घेत होती आणि मान डोलावत होती. काळोखात पुढच्या वळणावर चाकांखालून ठिणग्यांची बारीक रेघ दिसली.

कर्जतनंतर सपाटी. तिथे इंजिन मोकळं सुटलं, भराभर नॉच घेतले आणि नेरळ, बदलापूरचे दिवे मागे पळायला लागले. कल्याणला दाराशी जागा झाली. थंडगार वाऱ्यात तिथेच उभा राहिलो, ठाणे, दादर करत.

सीएसएमटीला रात्री इंजिन बफरजवळ येऊन थांबतं, म्हणजे उतरलेल्या प्रत्येकाला त्याच्या शेजारून जावं लागतं. माणसं सामान ओढत निघून गेली. मी चाकांजवळ थांबलो. आसांजवळून ऊब येत होती. ब्लोअर चालू होते. मग टपावर हवा सुटल्याचा आवाज झाला, वापरातला पेंटोग्राफही घडी होत खाली आला, दुसऱ्याशेजारी टेकला, आणि ब्लोअर हळूहळू मंदावत बंद पडले. मी वही काढून दुसरा नंबर लिहिला, दहाला पाच कमी असताना.