‘टॉय कार’ या दोन शब्दांपायी

माझी मॉडेल गाडी आता टीव्हीशेजारी उभी आहे, नाक वर करून. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वेळ लागला हो बनवायला?" पाच रविवार, मी सांगतो. उत्तर खरं आहे, पण ते देताना अजून कपाळाला आठी पडते. कारण त्या पाच रविवारांआधी ४१ दिवस माझं खोकं एका सरकारी टेबलाखाली पडून होतं, आणि त्यापायी रंग ऐन पावसात मारावा लागला. ज्यांना फक्त कापाकापी आणि चिकटवाचिकटवीत रस आहे त्यांनी मधला भाग सोडून खाली जावं. मी मात्र तो मधला भाग लिहायलाच बसलोय.

आधी गाडी. १९५५ची शेवरले बेल एअर, १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडीच्या लांबीचा पंचविसावा भाग, ‘गॅसर’ रूपात. ड्रॅग रेसिंगमधला हा साठच्या दशकातला अमेरिकी प्रकार. रस्त्यावरची जुनी गाडी घ्यायची, तिच्यात दांडगं इंजिन बसवायचं, पुढचं सस्पेन्शन काढून ट्रकसारखा सरळ अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगचे पाटे लावायचे, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळवायची. इंधन साधं गॅसोलीन, म्हणजे आपलं पेट्रोल, म्हणून गॅसर. पुढचा भाग उचललेला, कारण गाडी सुटताना वजन मागच्या चाकांवर जावं आणि टायरांना पकड मिळावी. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर एकदा ड्रॅग रेस बघायला गेलो होतो. तिथल्या सगळ्या गाड्या जमिनीला पोट टेकून उभ्या. नंतर कुठल्याशा फोटोत ही उंटासारखी मान वर केलेली जात दिसली आणि डोक्यातच बसली.

किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचं खोकं, एप्रिलच्या शेवटी अमेरिकेतून मागवलं. अठ्ठावीस डॉलरचं किट, पोस्टेज त्याहून जास्त. हिशोब साधा होता: मेच्या पहिल्या आठवड्यात खोकं हातात, मेच्या उन्हात रंग. नऊ दिवसांत पार्सल भारतात पोचलंसुद्धा. मी खूश. मग ट्रॅकिंगवर आलं, ‘कस्टम्सने रोखले’. पुढचे सोळा दिवस रोज सकाळी चहाआधी तेच वाचलं.

सतराव्या दिवशी पत्र आलं. आधार, पॅन, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, हे सगळं ठीक. शेवटची ओळ: खेळण्यासाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र सादर करावं.

ही भानगड काय ते आधी समजून घ्या, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे गोंधळणार नाही. २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या खेळण्यांवर बीआयएसची आयएसआय खूण हवी, देशी असो वा आयात केलेलं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या भाचीच्या तोंडात जाणारा खुळखुळा तपासलेलाच असावा. पण ते प्रमाणपत्र कारखान्याला मिळतं, गिऱ्हाइकाला नाही. मी एक खोकं मागवणारा माणूस ते कुठून आणणार?

तसं ई-मेलवर नम्रपणे लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, किटच्या चित्रासकट. उत्तर नाही. तिसऱ्यांदा लिहिताना नम्रपणा जरा कमी झाला होता, ती चूकच. तेविसाव्या दिवशी रजा टाकून स्वतः गेलो. कुठलं ऑफिस, कुठल्या गावात, ते सांगत नाही. तिथं पुन्हा जायची वेळ येणार आहे.

पहिल्या खेपेला खिडकीवरचे साहेब म्हणाले, "ई-मेल केलाय ना? मग उत्तर येईल." दुसऱ्या खेपेला ज्यांच्याकडे फाइल त्या मॅडम रजेवर. तिसऱ्या खेपेला, तेहेतिसाव्या दिवशी, मॅडम होत्या, फाइल होती आणि माझं खोकंही होतं. टेबलाखाली, एका एअर फ्रायरच्या खोक्याखाली दबलेलं. कोपरा चेपलेला.

"खेळणं आहे हे."

"नाही मॅडम, मॉडेल आहे. सुटे भाग असतात, आपण जोडायचे, रंगवायचे."

"म्हणजे जोडायचं खेळणं."

"मोठ्यांचा छंद आहे हो हा."

त्यांनी काही न बोलता खोकं फिरवून त्यावरचं हिरवं सीएन २२चं लेबल, म्हणजे आत काय आहे ते कस्टम्सला सांगणारी चिठ्ठी, माझ्यासमोर धरलं. त्यावर विक्रेत्यानं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘टॉय कार’. "तुमच्याच माणसानं लिहिलंय. मी माझ्या मनाचं सांगत नाहीये."

खरं सांगतो, त्या क्षणी मला मॅडमचा नाही, त्या अमेरिकेतल्या भल्या गृहस्थाचा राग आला. मॅडमचं अगदीच चुकत होतं असंही नाही. कस्टम्सच्या यादीत ९५०३ हे शीर्षक आहे, आणि त्यात बाहुल्या, खेळणी आणि छोट्या मापाची मॉडेल्स शेजारी शेजारीच नांदतात. लेबलवर ‘टॉय’ म्हटलं की पुढचं सगळं त्या रुळावरून आपोआप जातं.

मी म्हटलं, "निदान उघडून तरी बघा." उघडलं. आतले प्लॅस्टिकचे फाटे, शंभरेक बारीक भाग, कागदावरची आकृती. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले. त्यातले एक म्हणाले, "अरे, हे तर आमच्या मुलाच्या मेकॅनिकलच्या ड्रॉइंगसारखं आहे." मला जरा धीर आला. आणि मग खोक्याच्या अरुंद बाजूवर, बारकोडच्या वर, मला ते दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं: १४+.

मॅडमनी चष्मा बदलला. वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

तीन ई-मेल. तीन खेपा. तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि म्हटलं, "चुकलंच माझं."

मग तिथंच बसून साध्या कागदावर अर्ज लिहायचा होता. शिपाईदादांनी पेन दिलं आणि वर सल्लाही: "मराठीत लिहा, पटकन होतं." मी लिहिलं की सदर वस्तू चौदा वर्षांपुढील व्यक्तींसाठी असून अर्जदाराचं वय सेहेचाळीस वर्षे आहे. ही ओळ लिहिताना आयुष्यात प्रथमच वयाचा उपयोग झाला. ड्यूटी लागली, आकडा इथे लिहीत नाही, घरचे वाचतात. त्यानंतरही आठ दिवस गेले, आणि १८ जूनला पोस्टमननं बेल वाजवली तेव्हा बाहेर धो धो पाऊस.

तेव्हा, पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लिहा की लेबलवर ‘प्लॅस्टिक मॉडेल किट, मोठ्यांच्या छंदासाठी’ असं लिही, ‘टॉय’ हा शब्द कुठेही नको. आणि त्याच्याकडून खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो मागवा. सगळ्या किटांवर १४+ नसतं, काहींवर १२ किंवा त्याहून कमी वय असतं. ती या रस्त्यानं मागवूच नका. न्यू जर्सीहून दिवाळीला येणारा मावसभाऊ असेल तर त्याच्या बॅगेसारखं दुसरं कस्टम्स नाही. फक्त त्याला रंगाचे स्प्रे आणायला सांगू नका, ते विमानात चालत नाहीत.

आता गाडी. इंजिन, चॅसिस, आतल्या सीटा, हे सगळं कागदावरच्या आकृतीप्रमाणे झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. किटमध्ये जास्तीचे भाग भरपूर येतात. १९५८ साली एएमटी कंपनीनं एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे करता येईल अशी किटं काढली, मूळ रूपात, हौशी किंवा शर्यतीची, आणि ती सवय अमेरिकी किटांना लागली ती लागलीच. उरलेलं काही फेकू नका.

पुढचा अ‍ॅक्सल मात्र स्वतः केला. २ मिलिमीटरची पितळी सळी, आणि पाट्यांसाठी पातळ प्लॅस्टिक शीटच्या २ मिलिमीटर रुंद पट्ट्या, एकावर एक, प्रत्येक वरचीपेक्षा आखूड. इथे लोक हौसेनं नाक फार वर नेतात. त्या काळी नियम होता की क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा, मध्य जमिनीपासून २४ इंचांहून वर नको. १/२५ मध्ये ते साडेचोवीस मिलिमीटरच्याही किंचित आत येतं. मोजून घ्या, नाहीतर गाडी गॅसर न दिसता बैलानं शिंगावर घेतल्यासारखी दिसते.

इंजिनावरचा सुपरचार्जर ६-७१ प्रकारचा. हा मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनाचा हवा फुंकणारा भाग: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. ट्रक-बसच्या इंजिनांवरचे हे भाग काढून पोरांनी शर्यतीला लावले. हे कळल्यापासून मला तो भाग जास्तच आवडायला लागला. किटमधला क्रोमचा मुलामा असलेला तुकडा ब्लीचमध्ये बुडवून मुलामा काढला, कारण क्रोमवर गोंद धरत नाही आणि सांधाही दिसतो. एक्झॉस्टसाठी २ मिलिमीटरची सोल्डरची तार वाकवली. दोन इंची पाइपाचं माप बरोबर तेवढंच. प्लगच्या वायरी बिघडलेल्या इअरफोनमधून.

रंग नाना पेठेतून. गाड्यांच्या टच-अपसाठी रंग मिसळून देतात तिथे गडद मरून छोट्या बाटलीत करून घेतला. दुकानदारानं सोबत एनसी थिनर दिलं. सुदैवानं आधी जास्तीच्या बॉनेटवर मारून बघितलं: प्लॅस्टिकला भेगा पडल्या, उन्हात सुकलेल्या चिखलासारख्या. प्रायमरचे दोन हात आधी द्या, मगच तो रंग. आणि पावसात मारूच नका. मी मारला, दुसरा काय इलाज होता? तिसऱ्या हातानंतर दरवाजांवर पांढुरकी झाक आली, हवेतला ओलावा रंगात अडकून. मेमध्ये हे झालं नसतं. त्या दिवशी मी मॅडमच्या नावानं काय बोललो ते बायकोनं ऐकलंय.

झाक घासून काढली, हजार नंबरचा पेपर, पाणी लावून. मग मित्राच्या घरी बेडरूममध्ये एसी दोन तास ‘ड्राय’ मोडवर ठेवून, खोली कोरडी करून, पुन्हा रंग. मित्राला नंतर आठवडाभर वास येत होता. बायको म्हणाली, "गाडीला एसी, आणि आपल्याला?"

गॅसरच्या दरवाजांवर नावं रंगवलेली असायची, आपल्या ट्रकच्या मागे असतात तशीच, रंगाऱ्याच्या हातची. डिकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं, छापायचा विचार सोडला, कारण साध्या प्रिंटरचा पिवळा मरूनवर दिसतच नाही. कोपऱ्यावर नंबर प्लेट रंगवणारे काका बसतात, त्यांच्याकडे गाडी नेली. आधी म्हणाले, "एवढ्याशावर? डोळे गेले माझे." मग चष्मा वर केला, सर्वात बारीक ब्रश घेतला, एका दमात शिरोरेघ ओढली आणि खाली अक्षरं लटकवली: ‘दमानं’. पन्नास रुपये घेतले. मी त्यांना ४१ दिवसांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी शेजारी एक बारीक उद्गारचिन्हही टाकलं, फुकट.

हे सांगायचं राहिलं: रनरवरून, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या फाट्यांवरून, कापण्याआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणानं धुवून वाळवा. साच्यातून सुटायला लावलेलं तेल त्यावर असतं आणि रंग तिथेच सोलतो. माझा डावा मडगार्ड बघाल तर कळेल.

खोक्याची ती अरुंद बाजू मी कापून ठेवली आहे. आता १९४१च्या विलीज गाडीचं किट मागवलंय. विक्रेत्याला फोटोवर लाल गोल करून पाठवला, लेबलवर काय लिहायचं तेही शब्दशः कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘नक्की’. आज सकाळी ट्रॅकिंगवर होतं, ‘भारतात पोचले’. चहा झाला की परत बघतो.