बर्फातली पात, दापोलीच्या पडवीत

चाइव्ह ही मूळची युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांतली रानपात. बर्फात वरची पानं मरतात, जमिनीतला कंद तग धरतो आणि थंडी सरली की पुन्हा फुटतो. ती लावायचा बेत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, कांद्याची पात बाजारात मिळते की!" मिळते, पण ही सुतळीएवढी बारीक, पोकळ पात कच्ची खाण्यात मजा आहे.

बी दिवाळीनंतर पेरलं. कांदावर्गाचं बी वर्ष-दोन वर्षांत निकामी होतं, म्हणून पाकिटावरची तारीख आधी बघितली. दापोलीच्या रात्री तेव्हा गार असतात, तेवढं त्याला पुरलं. मधोमध दुमडलेले हिरवे दोरे वर आले, टोकाला काळं टरफल अडकलेलं. कुंडीत लाल माती, शेणखत आणि भरपूर वाळू. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणून चिमूटभर चुलीतली राखही. शिमग्याच्या सुमारास पहिली कापणी केली, बुडाशी दोन बोटं पात ठेवून.

मेमध्ये टोकं करपली, तेव्हा कुंड्या आंब्याखाली नेल्या. ऊन तरी सावलीने भागतं, पावसाचं काय करणार? आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मुळाशी पाणी साचलं की कंद कुजलाच. कुंड्या पडवीत घेतल्या, पागोळ्यांपासून लांब, खाली विटा. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. तरी काही गेल्याच. वाचलेले गड्डे नवरात्रात फोडून वेगळे लावले. जांभळी फुलं काही धरली नाहीत. त्यासाठी कडक हिवाळा लागतो.

एक सांगते, कोकणात पहिल्या पावसाच्या आगेमागे रानात कोळकांदा दिसतो. कंद कांद्यासारखा, पण विषारी. हृदयावर परिणाम करतो. त्याला कांद्याचा वास नसतो. तरी नुसत्या वासावर विसंबून रानातला कुठलाही कंद तोंडात घालू नये.

आमची पात मऊभात, मेतकूट, तूप यांवर कात्रीने कातरायची, ताट वाढल्यावर. कुळथाच्या पिठल्यावरही तशीच, गॅस बंद केल्यावर. शिजली की वास उडतो. सासूबाई मात्र ती घावनाच्या पिठातच कालवतात. वास राहत नाही म्हटलं, तर म्हणतात, "हिरवे ठिपके छान दिसतात."